रेंज तपासणारं अ‍ॅप: रिव्ह्यू कसे वाचायचे, आणि नंतर स्वतः कसं तपासायचं

घर भाड्याने घेण्याआधी, गावी राहून ऑफिसचं काम करायचा बेत ठरताना किंवा सिम बदलायचा विचार डोक्यात आला की कुणीतरी हमखास सांगतं, "अ‍ॅप टाक ना, कुठे कोणाची रेंज आहे ते लगेच कळतं." प्ले स्टोअर उघडलं की अशी ढीगभर अ‍ॅप समोर येतात. रिव्ह्यू वाचायला घ्यावेत तर गोंधळ वाढतोच. एकाच अ‍ॅपला एकजण पाच तारे देऊन डोक्यावर घेतो, दुसरा एक तारा टेकवून फालतू ठरवतो. गंमत म्हणजे दोघंही बहुधा खरंच बोलत असतात. पहिल्याला रेंज मोजायची होती. दुसऱ्याला अ‍ॅपने रेंज आणून द्यावी असं वाटत होतं.

तुमच्या बेडरूममध्ये रेंज आहे की नाही, हे कुठल्याच अ‍ॅपला आधीपासून माहीत नसतं. इतरांच्या फोनला कुठे काय मिळालं, किंवा आत्ता तुमच्या हातातल्या फोनला काय मिळतंय, एवढंच ते सांगू शकतं. हे पक्कं धरून रिव्ह्यू वाचा, निम्मा गोंगाट आपोआप गळून पडतो.

पायरी १: अ‍ॅप कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

नकाशा दाखवणारे दोन प्रकार आहेत आणि मोजणारा एक. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनाच हा फरक माहीत नसतो, म्हणून एका प्रकारच्या अ‍ॅपला दुसऱ्या प्रकारच्या कामावरून शिव्या पडतात.

पहिला नकाशा मोबाइल कंपनीचा स्वतःचा. ट्राय म्हणजे दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था; तिचे सेवेच्या दर्जाबद्दलचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांत २जी, ३जी, ४जी, ५जी असा वेगवेगळा कव्हरेज नकाशा प्रत्येक कंपनीने आपल्या वेबसाइटवर ठेवायचा, असं बंधन आलं. असे नकाशे साधारणपणे गणिताने काढतात: टॉवर कुठे, किती उंच, अँटेनाचं तोंड कुठल्या बाजूला, मध्ये टेकडी आहे का. तुमच्या भिंतीची जाडी त्या गणिताला ठाऊक नसते. तेव्हा हा हिरवा रंग उघड्यावरचा समजायचा. गच्चीत रेंज आणि स्वयंपाकघरात शून्य, असं झालं तरी नकाशा आपल्या जागी बरोबरच ठरतो.

दुसरा नकाशा लोकांच्या फोनमधून गोळा झालेला. ओपनसिग्नल, एनपर्फ, सेलमॅपर ही या प्रकारातली जुनी नावं. ओपनसिग्नल लंडनचं, २०१० च्या सुमारास सुरू झालेलं. एनपर्फ फ्रान्सचं. ऊकलाच्या स्पीडटेस्ट अ‍ॅपमध्येही असा नकाशा मिळतो. ज्यांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप आहे त्यांना कुठे किती सिग्नल मिळाला, त्याचे ठिपके जोडून हा नकाशा तयार होतो.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच नकाशाबद्दल आहेत. लोकांच्या फोनवर बनलेला नकाशा लोक जिथे जातात तिथेच भरतो. मुंबई-गोवा महामार्गावर ठिपकेच ठिपके, आणि आत एखाद्या वाडीच्या रस्त्याला वळलात की कोरं. त्या कोऱ्या जागेचा अर्थ "रेंज नाही" असा नाही. ते अ‍ॅप घेऊन तिथे अजून कुणी फिरकलेलं नाही, एवढाच तो अर्थ. "आमच्या गावात मस्त नेटवर्क आहे आणि हे अ‍ॅप काहीच दाखवत नाही" अशा धर्तीचा रिव्ह्यू दिसला की हे आठवा. उलटही घडतं. वाडीतला एकुलता एक ठिपका टेकाडावरच्या देवळापाशी मोजलेला असतो, आणि नकाशा त्या ठिपक्याभोवती सरसकट हिरवा गोल रंगवून मोकळा होतो.

टॉवरच्या जागेचंही तसंच. या अ‍ॅपमध्ये टॉवरची खूण असते, ती बहुतेक वेळा फोनमधल्या सिग्नलवरून अंदाजाने काढलेली. "टॉवर दाखवला तिथे तर भाताचं शेत आहे" ही तक्रार म्हणून खरीच, पण तेवढ्यावरून अ‍ॅप खोटं ठरत नाही. आसपास खरोखर कुठे टॉवर आहेत हे हवं असेल तर दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' हे पोर्टल बघा. ते २०१७ मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्जनाची माहिती लोकांना मिळावी म्हणून सुरू झालं, पण टॉवर शोधायलाही कामाला येतं.

तिसरा प्रकार मोजणाऱ्यांचा: नेटवर्क सेल इन्फो लाइटसारखी अ‍ॅप. नकाशा दुय्यम, आकडा मुख्य. ट्रायचं मायस्पीड हे २०१६ पासूनचं अ‍ॅप प्रामुख्याने वेग मोजतं आणि निकाल ट्रायकडे पाठवतं.

आणि एक चौथी जात आहे तिला लांबूनच नमस्कार करा: "सिग्नल बूस्टर" नावाची अ‍ॅप. फोनचा अँटेना अ‍ॅपने मोठा होत नाही. ही अ‍ॅप फार तर नेटवर्क बंद करून पुन्हा चालू करतात. एअरप्लेन मोड दाबून सोडला तरी तेच होतं, तेही जाहिराती न बघता. यांच्याखालचे "रेंज वाढली, धन्यवाद" असे पंचतारांकित रिव्ह्यू मी तरी वाचायचे सोडून दिले आहेत.

पायरी २: तारे बाजूला ठेवा, तारीख बघा

प्ले स्टोअरवर फोनवरून दिसणारं रेटिंग नोव्हेंबर २०२१ पासून आपापल्या देशापुरतं असतं. म्हणजे भारतात दिसणारे तारे भारतातल्या वापरकर्त्यांचे. हे बरंच आहे, पण भारत केवढा! पाटण्यातल्या माणसाचा अनुभव तुमच्या पाटणला लागू पडेलच असं नाही.

रिव्ह्यू उघडल्यावर क्रम "सर्वात नवीन" असा लावा. वरती आपोआप दिसणारे रिव्ह्यू दोन-तीन वर्षांपूर्वीचेही असू शकतात, आणि नेटवर्कच्या बाबतीत तेवढा काळ म्हणजे जुनी गोष्ट. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर जाहीर झालं. त्याआधीच्या रिव्ह्यूवरून आज सिम निवडणं म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगात यंदाचा मुहूर्त शोधणं.

महिनाही बघा. गणपतीत कोकणात चाकरमानी उतरले की सगळेच नेटवर्क गुदमरतात. त्या आठवड्यात लिहिलेला "वेग शून्य" हा रिव्ह्यू टॉवरवरच्या गर्दीबद्दल बोलतो, कव्हरेजबद्दल नाही. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की एरवीची चांगली रेंजही जाते.

सुरुवात दोन आणि तीन ताऱ्यांपासून करा. तिथे लिहिणारा माणूस चिडलेला नसतो आणि भारावलेलाही नसतो. काय चाललं, काय नाही, हे तोच नीट सांगतो.

पायरी ३: तक्रारी चाळून घ्या

काही तक्रारी अशा अ‍ॅपच्या रिव्ह्यूत वारंवार भेटतात. कुठली मनावर घ्यायची आणि कुठली सोडायची, ते बघू.

"माझ्या घरात रेंजच नाही, एक तारा." सोडून द्या. राग मोबाइल कंपनीवरचा, फटका अ‍ॅपला.

"फुल दांड्या दाखवतोय पण नेट चालत नाही." ही तक्रार समजून घेण्यासारखी आहे. दांड्या सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवर किती माणसं लटकली आहेत ते दाखवत नाहीत. शिवाय किती सिग्नलला किती दांड्या, याचं सगळ्या फोनना सारखं असं मापच नाही. २०१० मध्ये आयफोन ४ च्या वेळी अ‍ॅपलनेच कबूल केलं होतं की दांड्या काढायचं त्यांचं सूत्र चुकीचं होतं आणि फोन असायला हव्यात त्यापेक्षा जास्त दांड्या दाखवत होता. म्हणून दोन वेगळ्या फोनच्या दांड्यांची तुलना करू नका, आकड्यांची करा.

"आयफोनवर काहीच दिसत नाही, अँड्रॉइडवर सगळं दिसतं." खरं आहे, आणि अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हातात नाही. सिग्नलचा नेमका आकडा बाहेरच्या अ‍ॅपना अ‍ॅपल देत नाही. तेव्हा आयफोनवाल्यांनी अँड्रॉइडवाल्यांचे रिव्ह्यू वाचून अ‍ॅप उतरवलं तर पदरी निराशाच.

"वर ५जी लिहिलंय आणि अ‍ॅप एलटीई म्हणतंय, खोटं अ‍ॅप." बहुधा अ‍ॅप बरोबर. एलटीई म्हणजे ४जीच. एअरटेलने ५जी सुरू केलं ते ४जीच्या खांद्यावर चालणाऱ्या पद्धतीने, जिओने स्वतंत्र ५जीची पद्धत घेतली. पहिल्या पद्धतीत फोन ४जीला धरून असतो आणि लागेल तेव्हा ५जी जोडून घेतो. वरचं चिन्ह ५जी आणि आत एलटीई, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

"दोन सिम आहेत, एकाचंच दाखवतं." ही मनावर घ्या. वेग मोजणारी अ‍ॅप ज्या सिमवर डेटा चालू आहे त्याचंच मोजणार, हे स्वाभाविक आहे. पण सिग्नलचा आकडा दोन्ही सिमचा दाखवणारं अ‍ॅप मिळत असेल तर तुलनेसाठी तेच घ्या.

"बॅटरी खातं", "मागे सारखं चालू असतं", "नव्या अपडेटनंतर उघडतच नाही": या तिन्ही कामाच्या. त्यातही तुमच्याच कंपनीच्या फोनचं नाव असेल तर जास्तच. खाली अ‍ॅप बनवणाऱ्याने उत्तर दिलंय का बघा. "कृपया ईमेल करा" हे ठोकळेबाज उत्तर शंभर ठिकाणी चिकटवलेलं असेल तर त्या उत्तराची किंमत शून्य.

आणि "छान अ‍ॅप", "मस्त", "बेस्ट" यांच्यावरून फक्त पुढे सरका.

पायरी ४: परवानगी कुठली द्यायची

"रेंज बघायला माझं लोकेशन कशाला हवं? हेरगिरी!" असं म्हणणारे रिव्ह्यू ढिगाने मिळतील. अर्धं बरोबर, अर्धं चूक. कुठल्या टॉवरला फोन जोडलाय हे कळलं की माणूस कुठे आहे हेही साधारण कळतं. म्हणून अँड्रॉइड लोकेशनची परवानगी असल्याशिवाय ही माहिती अ‍ॅपला देतच नाही. परवानगी नाकारलीत तर आकड्यांच्या जागी रेघा दिसतील.

पण "अ‍ॅप वापरताना" आणि "नेहमी" यांत फरक आहे. मोजायला पहिली पुरते. दुसरी लागते ती तुम्ही फिरत असताना मागे राहून ठिपके गोळा करायला. लोकांच्या फोनवर चालणारी बरीच फुकट अ‍ॅप हा गोळा केलेला माल विश्लेषण करून विकतात, त्यांचा धंदाच तो आहे. त्यात लपवाछपवी असेलच असं नाही. प्ले स्टोअरच्या पानावर "डेटा सेफ्टी" विभागात बरंचसं लिहिलेलं असतं, मात्र ती माहिती अ‍ॅप बनवणाऱ्यानेच भरलेली असते. माझं मत विचाराल तर "अ‍ॅप वापरताना" एवढीच परवानगी द्या. कॉन्टॅक्ट किंवा मेसेज मागितले तर अ‍ॅप काढून टाका, रेंज मोजायला त्यांचा काही संबंध नाही.

पायरी ५: आता स्वतः मोजा

रिव्ह्यू वाचून अ‍ॅप निवडलंत, आता खरं काम. खरं तर अ‍ॅपशिवायही आकडा मिळतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" आणि त्यात सिमची स्थिती असं शोधा. बऱ्याच फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं तरी माहितीचा पडदा उघडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉल लावला की फील्ड टेस्ट उघडते.

आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात आणि उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी आरएसआरपी नावाचा आकडा बघा. उणे ८० किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम. उणे ९० ते १०० मध्ये रोजचं काम निभतं. उणे ११० च्या खाली गेलात की व्हिडिओ कॉल अडखळणार, आणि १२० च्या आसपास फोन टॉवरला जेमतेम लटकलेला असतो. हे माप सरळ वाढत नाही. उणे ८५ वरून उणे ९५ म्हणजे सिग्नलची ताकद दहापट कमी. म्हणूनच खिडकीपासून दोन पावलं आत आल्यावर कॉल तुटतो.

प्रत्येक जागी मिनिटभर थांबा, कारण आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. जिथे बसून काम करणार ती खुर्ची, जिथे झोपणार तो कोपरा, दार बंद केलेलं बाथरूम, सोसायटीचं तळघर आणि लिफ्ट. भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा दलाल हॉलमध्ये उभा करून खिडकी उघडतो, रेंज तिथे येणारच. सकाळी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा वेग मोजा. आकडा तोच आणि रात्रीचा वेग अगदीच पडलेला, तर दुखणं गर्दीचं आहे. तिथे खिडकीजवळ सरकून काही फायदा नाही.

वेग मोजताना डेटावर लक्ष ठेवा. ५जीवर ३०० एमबीपीएस वेग आला आणि चाचणी दहा सेकंद चालली तर फक्त डाउनलोडमध्ये सुमारे ३७५ एमबी उडतात. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर चार चाचण्यांत दिवस संपला. "अ‍ॅपने माझा डेटा चोरला" या रिव्ह्यूंचं मूळ बरेचदा इथेच असतं.

एक गोष्ट विसरली जाते: वाय-फाय बंद करा. नाहीतर शेजारच्या ब्रॉडबँडचा वेग मोजून सिम निवडाल.

पायरी ६: दुसऱ्या कंपनीशी तुलना

नकाशावर दोन कंपन्या शेजारी ठेवून बघता येतात, पण शेवटचा शब्द प्रत्यक्ष सिमचाच. शेजाऱ्याला विचारा, त्याच्या फोनमधला आकडा बघा, किंवा स्वस्तातलं प्रीपेड सिम घेऊन फोनच्या दुसऱ्या खाचेत टाका. एकाच फोनमध्ये दोन्ही सिम असली की तुलना निर्मळ होते.

ग्रामीण भागात नुसता हिरवा रंग पाहून हुरळू नका. तो २जीचा आहे की ४जीचा, ते बघा. एअरटेल आणि व्हीआयकडे २जी अजून आहे, तिथे ४जी नसलं तरी साधा कॉल लागू शकतो. जिओकडे २जी-३जी नाहीच, तिथे कॉलसुद्धा ४जी किंवा ५जीवर अवलंबून. आणि अ‍ॅपच्या अहवालात "महाराष्ट्र" लिहिलेलं असेल तर त्यात गोवा येतो आणि मुंबई येत नाही. दूरसंचारच्या हिशेबात मुंबई वेगळं सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, आहे, नवी मुंबई आणि कल्याण त्यातच. डोंबिवलीकराने महाराष्ट्राच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये.

जिथे सरकारी निधीतून उभा राहिलेला एकच ४जी टॉवर आहे, तिथे आणखी एक शक्यता तपासा. जानेवारी २०२५ पासून डिजिटल भारत निधीतल्या अशा टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांच्यापैकी कुणाचंही सिम चालावं अशी सोय सुरू झाली आहे. नकाशावर तुमच्या कंपनीचं नाव नसेल, तरी एअरप्लेन मोड चालू-बंद करून, नेटवर्क निवड "आपोआप" वर ठेवून बघा.

पायरी ७: निर्णय

घरात ब्रॉडबँड असेल आणि अडचण फक्त कॉलची असेल तर सिम बदलायच्या आधी सेटिंग्जमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून बघा. एअरटेल आणि जिओने ही सोय २०१९-२० च्या सुमारासच आणली आहे, पण बऱ्याच फोनमध्ये ती बंदच पडलेली असते.

ऑनलाइन मिळणारी "नेटवर्क बूस्टर" यंत्रं मात्र घरी आणू नका. परवान्याशिवाय असा रिपीटर लावणं बेकायदा आहे, आणि तुमच्या दोन दांड्या वाढवताना ते आजूबाजूच्यांची रेंज बिघडवू शकतं.

तक्रार करायची तर १९८ वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत जाता येतं. तुमच्याकडे जागा, वेळ आणि डीबीएमचा आकडा यांचे स्क्रीनशॉट असतील तर "आमच्याकडून नेटवर्क व्यवस्थित आहे" या उत्तरावर गप्प बसावं लागत नाही.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग एक जागा सोडून आपला मोबाइल नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. उत्तरात येणारा, नव्या कंपनीला द्यायचा कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. सिम हरवून नुकतंच बदलून घेतलं असेल तर १ जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावं लागतं.

पायरी ८: जमलं तर तुमचाही रिव्ह्यू टाका

चार ओळी पुरतात: तालुका किंवा उपनगर, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सिम कुणाचं, घरात मोजलं की बाहेर. अ‍ॅपने दाखवलेला आकडा आणि फोनच्या सेटिंग्जमधला आकडा जुळले का, तेही लिहा. सोसायटीचं नाव किंवा पत्ता लिहू नका, प्ले स्टोअरवर तुमचं गूगल खात्याचं नाव सगळ्यांना दिसतं. अपडेट आल्यावर अडचण सुटली तर तोच रिव्ह्यू उघडून बदलता येतो, नवा टाकावा लागत नाही.